पाय असलेला हिंचका

एप्रिल लागला की बडोद्याच्या रस्त्यांवर मला ती मुलं दिसायला लागतात. स्कूटरवर मागे बसलेली, मांडीवर काहीतरी मोठं आणि नाजूक धरलेली, वाऱ्यानं ते हलू नये म्हणून वरून हनुवटी दाबून ठेवलेली. ते जे काही असतं ते घरच्या जुन्या चादरीत गुंडाळलेलं असतं. पुढे बसलेला मित्र प्रत्येक बंपवर गाडी इतकी हळू घेतो की मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात. ज्युरी आली, मी मनाशी म्हणते. मकरपुऱ्याला कामावर निघालेली असते मी, उशीर झालेला असतो, तरी त्या मुलांना पुढे जाऊ देते.

ज्युरी म्हणजे आमची परीक्षा. प्रॉडक्ट डिझाइन अँड टेक्नॉलॉजी असं लांबलचक नाव असलेला आमचा अभ्यासक्रम. त्यात शेवटी पेपर नसतो. आपण केलेली वस्तू टेबलावर ठेवायची, बाजूला उभं राहायचं, आणि बाहेरून आलेल्या जाणत्या माणसांनी ती उचलून, उलटी करून, दाबून, ओढून बघायची. आपण फक्त विचारलं तेवढं सांगायचं. नातेवाइकांना हे कधी समजावता आलं नाही. लग्नाकार्यात कुणीतरी विचारायचं, "म्हणजे इंजिनिअर का?" नाही म्हटलं की, "मग घरं सजवतेस?" बाबांनी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना एकच सांगून टाकलं होतं, मुलगी वस्तूंचं शिकते. मला ते सगळ्यात बरोबर वाटायचं.

त्या उन्हाळ्यांचा वास अजून नाकात आहे. वर्कशॉपचं पत्र्याचं छत दुपारी असं तापायचं की ते तडतडलेलं ऐकू यायचं. फोम घासल्याची पिवळी पूड, पुट्टी, स्प्रे पेंट, कुणीतरी चिंचेच्या पाण्यासकट आणलेल्या पाणीपुरीची पिशवी, आणि घाम. पुट्टी बाहेरून वाळायची, आतून ओली राहायची, घासायला घेतली की पापुद्रा निघायचा. मग पहिल्यापासून. घरी पोचले की आई दारातच म्हणायची, "तिथंच थांब, केस झटक आधी. कणकेच्या डब्यात पडून आल्यासारखी दिसतेस." गच्चीवर छुंद्याच्या बरण्या फडकं बांधून उन्हात ठेवलेल्या असायच्या आणि माझ्या केसांतली पूड त्यात जाईल याची तिला फार धास्ती होती.

मला सांगायचंय ते शेवटच्या वर्षाच्या उन्हाळ्याचं. बाकीचे उन्हाळे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत, तो तेवढा मिसळत नाही.

हरणीच्या आमच्या टेनामेंटला, म्हणजे बैठ्या घराला, पुढे छोटा पोर्च आहे, पोर्चच्या छताला चार कड्या, आणि कड्यांना हिंचका. पुण्याचे नातेवाईक त्याला झोपाळा म्हणतात. बडोद्यात वाढलेल्या आमच्यासारख्या मराठी माणसाच्या तोंडी हिंचकाच येतो, त्याला इलाज नाही. रुंद सागवानी फळी, पितळी साखळ्या, साखळ्यांच्या मधेमधे एकेक पितळी मोर. आईचं सगळं आयुष्य त्या फळीवर चालायचं. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. शाळेतून आली की पर्स आत टाकून आधी हिंचक्यावर. मटार तिथं सोलले जायचे, वह्या तिथं तपासल्या जायच्या, कंपाउंडच्या भिंतीपलीकडच्या हंसाबेनशी गप्पा तिथूनच. भांडणसुद्धा ती हिंचक्यावर बसूनच करायची. पायानं ढकलत ढकलत बोलायची, आणि हिंचक्याचा वेग वाढला की बाबा समजून जायचे आणि पेपर घेऊन गच्चीवर निघायचे. वेग कमी झाल्याची खात्री करूनच खाली यायचे.

मग आईच्या हातून कप पडला. मग आणखी एक पडला. उजव्या पायातली चप्पल चालताना मागे राहायला लागली आणि ती ते हसण्यावारी नेत राहिली. अहमदाबादच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या झाल्यावर आम्हाला समोर बसवून सांगितलं, की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून काम सोडत जाणार आहेत. औषध नाही. वेग किती, ते सांगता येत नाही. बाबांनी विचारलं, "व्यायामानं?" डॉक्टर म्हणाले, "करा ना, जरूर करा." त्यांच्या त्या 'जरूर'नंच आम्हाला काय ते कळलं. परतीच्या वाटेवर आईनं आम्हाला गाडी थांबवून उसाचा रस प्यायला लावला.

हिंचक्यावर बसणं ही किती अवघड गोष्ट आहे हे धडधाकट माणसाच्या लक्षातच येत नाही. पाठ करून उभं राहायचं, मागे हात नेऊन साखळी चाचपायची, आणि बूड टेकवता टेकवता फळी मागे पळते तेव्हा तिच्याबरोबर आपणही थोडं मागे जायचं. आपण ते नकळत करतो. आईला ते जमेनासं झालं. एका संध्याकाळी फळी मागे गेली आणि ती सरळ जमिनीवर बसली. लागलं नाही. ती हसली, आम्हालाही हसावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं आतली प्लॅस्टिकची खुर्ची पोर्चमध्ये आणून घ्यायला सांगितली आणि त्या खुर्चीवर बसली. शेजारी रिकामा हिंचका. मी तिला म्हटलं, मी धरते, तू बस. ती म्हणाली, "रोज कोण धरणार? तू कॉलेजला, हे कंपनीत. चालशे, खुर्ची काही वाईट नाही." चालशे म्हणजे चालेल. तिला चालत नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

त्याच आठवड्यात शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट ठरवायचा होता. आमचे मेहता सर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, की वस्तू नंतर, आधी माणूस शोधा. त्या माणसाला आमच्यात युजर म्हणतात. मी लिहून दिलं, कुणाच्या मदतीशिवाय बसता-उठता येईल असा हिंचका. युजरच्या चौकटीत नाव लिहायचं नसतं. मी लिहिलं, स्त्री, वय पंचावन्न, निवृत्त शिक्षिका. घरी आईनं तो कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "निवृत्त कुणी सांगितलं तुला? रजेवर आहे मी." मी निवृत्त खोडून रजेवर लिहिलं.

सरांनी नाक मुरडलं होतं. घरचं माणूस युजर म्हणून घेऊ नका, डोळ्यांवर पडदा येतो, असं त्यांचं म्हणणं. पण मग त्यांनी परवानगी दिली आणि एक नियम बजावून सांगितला, जो ते सगळ्यांनाच सांगत. युजरकडे नुसतं बघायचं. मदत करायची नाही. तुम्ही मदत केलीत की त्याला खरी अडचण कुठे येते ते कळणारच नाही, सगळी माहिती नासेल. पडायची वेळ आली तरच हात पुढे करा.

तर त्या फेब्रुवारीत मी पोर्चच्या पायरीवर फोन धरून बसायची आणि आई हिंचक्यावर बसायचा प्रयत्न करायची. डावा हात मागे जायचा, साखळी शोधायचा, सापडायची नाही, हवेत हलत राहायचा. साखळी बोटभर अंतरावर असायची. मला ती दिसत असायची, तिला दिसत नसायची, आणि मी नुसती बघत बसायची. माझं शिक्षण म्हणजे तेव्हा तेवढंच होतं. एकदा बाबा कामावरून आले, त्यांनी हे दारातूनच बघितलं आणि डबा खाली ठेवून ओरडले, "अगं धर ना तिला! बघतेस काय?" तर आईच तिथून म्हणाली, "तुम्ही नका मध्ये पडू. तिचं रेकॉर्डिंग चालू आहे." बाबा आत गेले आणि बराच वेळ नुसता नळ सोडल्याचा आवाज येत होता.

ते व्हिडिओ अजून आहेत माझ्याकडे. एकाही व्हिडिओत मी दिसत नाही. फक्त माझा श्वास ऐकू येतो.

आईनं मात्र त्या सगळ्याची मजाच करून टाकली. युजर हा शब्द तिला फार आवडला. "युजरला चहा मिळेल का?" "युजरचं डोकं दुखतंय, आज सुट्टी." हंसाबेनना तिनं सांगून टाकलं की आता मी साधी बाई नाही, माझ्यावर संशोधन चालू आहे. मी तिच्या बसण्याचे तुकडे पाडून भिंतभर तक्ता केला होता. जवळ येणे, वळणे, साखळी शोधणे, वजन मागे टाकणे, असं बरंच काही. तो बघून म्हणाली, "मी नुसतं बसते ते लिहायला तुला एवढा कागद लागतो? मग मी वह्या तपासायची ते लिहिलंस तर घर भरेल." तिच्या हातात किती जोर उरलाय ते मी बॅगा तोलायच्या काट्यानं मोजायची. ती दात ओठ खाऊन ओढायची आणि काटा किती सरकला ते बघायला वाकायची. आधीच्या वेळेपेक्षा कमी आला तर मी आकडा सांगायची नाही. ती विचारायचीही नाही.

चित्रं मी ढिगानं काढली. चुंबकाचा ब्रेक, हवेच्या पंपाचा ब्रेक, छतातून खाली येणारी कसलीशी दांडी. सर वही उलटत जायचे आणि म्हणायचे, "आ रॉकेट छे के हिंचको?" चहाच्या किटलीवर, म्हणजे कॉलेजबाहेरच्या टपरीवर, बसल्याबसल्या मला अचानक सुचलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी पोर्चमध्ये चित्रं पसरून वैतागून बसले होते आणि आई म्हणाली, "किती माथाकूट करशील? सायकलला स्टँड असतं तसं लाव की याला." ती चेष्टेनं म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले.

फळीखाली चार पाय दुमडून बसवले. बाजूला डाव्या हाताशी एक दांडी. दांडी खाली केली की चारही पाय उघडून जमिनीवर टेकायचे आणि हिंचक्याचा बाक व्हायचा. नीट टेकून बसायचं, मग दांडी वर, पाय फळीच्या पोटात, आणि बाकाचा हिंचका. उतरायचं असलं की पुन्हा दांडी खाली. दांडी आईच्या डाव्या हाताला झेपेल इतकी हलकी व्हावी म्हणून आत स्प्रिंग घातली. तिच्या मुठीचा साचा घेऊन मूठ केली. पाय टेकताना दणका बसू नये म्हणून खाली रबर. सरांचा आग्रह होता की नवीन फळीवर करू नकोस, युजरच्या घरच्या वस्तूवरच कर, नाहीतर खरं काय ते कळत नाही. म्हणून आमच्याच हिंचक्याची फळी वर्कशॉपला गेली आणि पाय लावून परत आली.

मेच्या सुरुवातीची ती सकाळ होती. बाबा दाढी करत होते. मी दांडी खाली करून ठेवली होती आणि सवयीनं पायरीवर जाऊन बसले होते, पण फोन काढला नव्हता. आई आली, वळली, टेकली. फळी जागची हलली नाही. तिनं एकदा अंग सावरून घेतलं, मुठीवर हात ठेवला आणि दांडी वर केली. पाय आत गेले. डाव्या पायाच्या चवड्यानं तिनं जमीन ढकलली. हिंचका हलला. पलीकडून हंसाबेन ओरडल्या, "अरे शुभाबेन, जाते बेठां!" म्हणजे आपल्या आपण बसलात की! बाबा साबण लावलेल्या तोंडानं बाहेर आले आणि तसेच उभे राहिले.  वर छताकडे बघत आई झोके घेत राहिली, चहा गार झाला तरी उठली नाही. मी आतापर्यंत पुष्कळ वस्तू केल्या आहेत. तेवढा आनंद मला पुन्हा कुठल्याही वस्तूनं दिलेला नाही, आणि तसा देईल असं वाटतही नाही.

पुढचे काही दिवस पोर्चमधली प्लॅस्टिकची खुर्ची पुन्हा आत गेली. आई कैऱ्या किसायला सांगायची आणि स्वतः हिंचक्यावरून हुकूम सोडायची. एकदा बाबांशी कशावरून तरी तिचं वाजलं आणि हिंचक्याचा वेग वाढला. बाबा गच्चीवर गेले नाहीत. तिथंच कठड्याला टेकून ऐकत राहिले.

मग ज्युरी. छोट्या टेम्पोत हिंचका चढवला तेव्हा आईनं त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नीट वाग हो. आणि लवकर ये." कॉलेजात पाइपांच्या चौकटीला तो टांगला. ज्युरीला आलेल्यांपैकी एक बाई त्यावर बसल्या, हिंचक्याचे पाय खाली घेतले, वर घेतले, पुन्हा खाली. त्यांना फार आवडला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो अगदी साधा होता. तुमच्या युजरची अवस्था बदलली तर काय? मी तयारच होते. दांडीची जागा बदलता येते, स्प्रिंग आणखी हलकी करता येते, पाठीला टेकण लावता येईल, ते सगळं मी तक्त्यावर काढून नेलं होतं. त्यांनी मान डोलावली. सरांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला वर्गात सगळ्यात वरची श्रेणी मिळाली.

आमच्याकडे एक पद्धत होती, अजूनही आहे. ज्युरीत नावाजलेली कामं लगेच घरी न्यायची नाहीत. ती डिपार्टमेंटच्या लांब कॉरिडॉरमध्ये मांडतात, पालक येतात, पुढच्या वर्षी प्रवेश घेणारी मुलं येतात. आपलं काम मांडणीत लागावं म्हणून सगळेच धडपडत असतात. माझ्या हिंचक्याभोवती निळी दोरी बांधली आणि इंग्रजीत पाटी लावली, कृपया यावर बसू नये. मी त्या पाटीशेजारी उभी राहून फोटोही काढून घेतला. दोन आठवड्यांचा तर प्रश्न होता.

दोन आठवड्यांनी सर म्हणाले, कॉलेजच्या मान्यतेसाठी तपासणीला कमिटी यायची आहे. "बेटा, कमिटी आवी जाय, पछी तरत लई जजे." कमिटी येऊन गेली की लगेच ने. कमिटी या आठवड्यात येणार होती. मग त्यातल्या कुणाची तरी तब्येत बिघडली, म्हणून पुढच्या आठवड्यात. मी सरांना आईचं सांगितलं. त्यांना ते कळत होतं, त्यांनी माझ्यासमोर वर फोन लावला. वरून सांगण्यात आलं, यादी गेली आहे, यादीतली वस्तू जागेवर हवी. सर फोन ठेवून म्हणाले, "आटला दिवस गया, हवे चार दिवस." एवढे दिवस गेले, आता चारच दिवस. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला त्यांच्याशी भांडताही येईना. कुणाशी भांडावं असं समोर कुणी माणूसच नव्हतं.

दुसरा करता आला नसता का, असं लोक विचारतात. वर्कशॉपला सुट्टी लागली होती. पण खरं सांगायचं तर दर आठवड्याला वस्तू याच आठवड्यात मिळणार असते तेव्हा दुसरी करायला घेत नाही कुणी. बाबा रोज कंपनीतून आल्यावर विचारायचे, काय म्हणाले? मी म्हणायची, या आठवड्यात. ते कड्यांकडे बघायचे. पोर्चच्या छताला त्या चार रिकाम्या कड्या तेवढ्या उरल्या होत्या.

आईचं शरीर मात्र कुठल्याच आठवड्यासाठी थांबलं नाही. आधी डावा हात गेला, जो मी दांडीसाठी धरून चालले होते. मग चमचा धरणं. मग उभं राहताना दोन्हीकडून धरावं लागायला लागलं. व्हीलचेअर आली. बोलताना जीभ जड व्हायला लागली, म्हणून ती मोजकं बोलायला लागली, जी कधी मोजकं बोलली नव्हती. सुरुवातीला रोज विचारायची, "युजरचा हिंचका कधी येणार गं?" मग दोन-तीन दिवसांनी एकदा. मग तिनं विचारणं सोडलं. ती विचारायची तेव्हा मला राग यायचा, कारण उत्तर नसायचं. तिनं विचारणं सोडलं तेव्हा मला भीती वाटली.

मी मध्ये एकदा कॉलेजात जाऊन आले. सुट्टीचा कॉरिडॉर, खिडक्या बंद, फळीवर धूळ. दोरीखालून वाकून आत गेले आणि रुमालानं फळी पुसली. मग दांडी वर करून बघितली. एका बोटानं वर गेली. इतकी हलकी मी ती केली होती. आईच्या बोटात तेवढंही उरलं नव्हतं. मी ती पुन्हा पुन्हा वरखाली करत राहिले आणि कुणावर तरी खूप ओरडावंसं वाटत होतं.

आता मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात कुकरच्या आणि कढयांच्या मुठी करते. आमच्या नोंदीत अजून युजर असतो, स्त्री, वय अमुक ते अमुक. तिचा हात कायम तेवढाच मोठा आणि तेवढाच जोराचा असतो. आई गेली त्याला दोन उन्हाळे झाले. मला वाटतं आमच्या सगळ्या शिकण्यात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली होती, की वस्तू बदलत राहील आणि माणूस तोपर्यंत जागेवर उभा राहील. असं कुणी शिकवलं नाही. पण सेमिस्टर असतं, ज्युरी असते, मांडणी असते, आणि हे सगळं होईपर्यंत माणूस थांबलेलाच असेल असं आपण समजतो. मी नवीन मुलांना हे सांगायला जात नाही. सांगून त्यांनी करायचं तरी काय? बघायला वेळ लागतोच, करायलाही लागतो. लवकर करा, एवढंच सांगता येईल, आणि ते तर त्यांचे सर सांगतच असतात.

कमिटी शेवटी येऊन गेली. हिंचका टेम्पोतून घरी आला तेव्हा आकाश भरून आलेलं होतं आणि घामानं जीव नकोसा झाला होता. बाबांनी सुट्टी घेतली होती. त्यांनी स्टुलावर चढून साखळ्या कड्यांत अडकवल्या, पितळी मोर चिंचेनं घासून काढले, फळीवर जुनी गादी दुमडून टाकली. मी पाठीला टेकण बांधलं, तक्त्यावर काढलं होतं तसं. दोघांनी मिळून आईला व्हीलचेअरवरून उचललं. ती किती हलकी झाली होती! हिंचक्याचे पाय टेकलेले होते, फळी जराही हलली नाही, आम्ही तिला अलगद बसवलं. बाबा तिच्या उजवीकडे बसले, खांद्यामागून हात घालून. मी दांडीपाशी. "तयार?" मी विचारलं. आईनं डोळ्यांनी हो म्हटलं. तिच्या तोंडावर तो जुना आव आला होता, वर्गात शिरताना असायचा तसा.

मी दांडी वर केली. बाबांनी पायानं अगदी हळू, नाममात्र ढकललं.

हिंचका पुढे गेला आणि आईची मान मागे गेली. परत आला तसं सगळं अंग बाबांच्या अंगावर कोसळलं. तिला स्वतःला सावरता येत नव्हतं. आयुष्यभर जो झोका तिला न बघता कळायचा, तो आता कुठून येतोय तेच तिला कळत नव्हतं. तिचे डोळे मोठे झाले. मी आईला घाबरलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं, अहमदाबादलाही नाही. तिनं सगळा जोर लावून एकच शब्द काढला, "थांबव."

मी दांडी खाली केली. चारही पाय एका वेळी टेकले, दणका न बसता, आवाज न होता. फळी जिथल्या तिथे उभी राहिली. आईचा श्वास हळूहळू खाली आला. बाबांनी तिची मान नीट केली, गादी सरकवली. मी म्हटलं, "आत नेऊ का?" तिनं नाही म्हटलं. मग थोड्या वेळानं, जडावलेल्या जिभेनं, म्हणाली, "शांतीथी. बसू दे." शांतीथी म्हणजे निवांत.

हंसाबेन भिंतीपाशी आल्या होत्या, त्यांनी नुसता हात हलवला. मी चहा केला. बाबांनी बशीत ओतून, फुंकर घालून, घोट घोट तिच्या ओठांशी नेला. वारा सुटला होता, तरी साखळ्यांचे मोरसुद्धा हलले नाहीत. आई हिंचक्यावर बसून चहा पीत होती आणि माझं डिझाइन अगदी हवं तसं चाललं होतं.